ओल धरलेली पूड

इनक्युबेटरमधून प्लेटा काढल्या आणि काळ्या कापडावर उलट्या मांडल्या. सलाईनच्या प्लेटवर, म्हणजे जिच्यात नुसते जिवाणू होते तिच्यावर, हजारपट विरलतेला १३१ कॉलनी, म्हणजे जिवंत जिवाणूंपासून वाढलेले ठिपके. हॉफमन पद्धतीच्या नमुन्याला ११८. टूर पद्धतीच्या नमुन्याला ५२. हमर्स पद्धतीची प्लेट हजारपटीला कोरी, शंभरपटीला एक कॉलनी, दहापटीला ११. मिलिलिटरमागे तेरा लाख ई. कोलाय होते, ते दोन तासांत हजार-अकराशेवर आले होते.

तिन्ही नमुने ग्राफीन ऑक्साइडचे, म्हणजे ग्रॅफाइट ऑक्सिडाइझ करून सुटे केलेले अतिपातळ पापुद्रे. ग्रॅफाइट एकाच डब्यातलं, मात्रा तीच, जिवाणूही तेच. फरक काय तो ऑक्सिडायझरचा, म्हणजे ग्रॅफाइटला ऑक्सिजन जोडणाऱ्या रसायनाचा: हमर्स आणि टूरमध्ये परमँगनेट, हॉफमनमध्ये क्लोरेट. ‘परमँगनेटने बनवलेलं मारतं, क्लोरेटने बनवलेलं मारत नाही’ असं एका ओळीत सांगता येईल इतका निकाल सरळ होता. एम.एससी.च्या विद्यार्थिनीने लगेच फोटो काढले. प्रबंधातला स्तंभालेख तिला तिथेच दिसायला लागला असणार.

जिवाणूशास्त्राच्या बाकावर बरीच वर्षं काढली की हजारपटीचा फरक पाहून हुरूप येण्याऐवजी शंका येते. त्यातच बाकाच्या कोपऱ्यात हमर्सच्या पुडीची कुपी होती. आदल्या दिवशी वजन करताना ती पूड चमच्याला चिकटत होती आणि काट्यावर ठेवल्या ठेवल्या वजन वाढत होतं. जुलैचा दिवस, बाहेर मुंबईचा पाऊस, खिडकीच्या चौकटीलासुद्धा बुरशी. “ओल धरलीय, सर,” असं ती म्हणाली आणि मीही मान हलवली. बाकीच्या दोन पुडी त्याच कपाटात, तशाच कुप्यांत, कोरड्या ठणठणीत होत्या, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढचं सांगण्याआधी हे तीन नमुने कसे बनतात ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

ग्रॅफाइट ऑक्सिडाइझ करायची क्लोरेटची वाट सर्वांत जुनी. १८५९ साली ब्रॉडीने पोटॅशियम क्लोरेट आणि धुराळ नायट्रिक आम्ल वापरलं, १८९८ साली स्टॉडेनमायरने त्यात संहत सल्फ्युरिक (गंधकाम्ल) घातलं, आणि १९३७ च्या हॉफमनच्या पद्धतीत धुराळ नायट्रिकच्या जागी साधं संहत नायट्रिक आलं. आमचा नमुना या शेवटच्या पद्धतीचा: ५ ग्रॅम ग्रॅफाइट, ८७.५ मिलि सल्फ्युरिक, २७ मिलि नायट्रिक, ५५ ग्रॅम क्लोरेट. क्लोरेट बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये चिमटी-चिमटीने घालायचं आणि मग ९६ तास ढवळत ठेवायचं. फ्लास्कचं बूच घट्ट लावायचं नाही. क्लोरेट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, पिवळसर हिरवा, आणि तो साठला की स्फोट होतो. म्हणून चार दिवस फ्यूम हूड (वायू ओढून नेणारं कपाट) अडून राहतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक कुरकुरतात.

परमँगनेटची वाट १९५८ ची, हमर्स आणि ऑफमन यांची. मूळ प्रमाण १०० ग्रॅम ग्रॅफाइट, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर सल्फ्युरिक, ३०० ग्रॅम परमँगनेट. आम्ही त्याचा पन्नासावा भाग घेतो: २ ग्रॅम, १ ग्रॅम, ४६ मिलि, ६ ग्रॅम. परमँगनेट घालताना तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक मिळून मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं, हिरवट काळं तेलासारखं, आणि ५५ अंशांच्या आसपास ते फुटतं. सगळं घालून झालं की ३५ अंशांवर अर्धा तास. लगदा कणकेसारखा घट्ट होतो, चुंबकाची दांडी फिरेनाशी होते. मग ९२ मिलि पाणी थेंबाथेंबाने. इथे तापमान आपोआप ९८ पर्यंत चढतं. पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याने सौम्य करून हायड्रोजन पेरॉक्साइड. तपकिरी लगदा डोळ्यांदेखत हळदीसारखा पिवळा होतो. उरलेलं परमँगनेट आणि मँगनीज डायऑक्साइड विरघळणाऱ्या मँगनीज सल्फेटमध्ये गेलं, असा त्याचा अर्थ.

बर्फाविषयी थोडं विषयांतर. बर्फाचं मशीन बंद पडलं की कुणीतरी बाजारातून लादी आणतं. ती फ्लास्कच्या बाहेर चालते. आत, लगदा ज्यावर ओतायचा त्यासाठी, चालत नाही. मासळीच्या पेटीतल्या बर्फात खडेमीठ असू शकतं, आणि आम्लातलं परमँगनेट क्लोराइडला भेटलं की क्लोरीन सुटतो. म्हणूनच हायड्रोक्लोरिकने धुणं नेहमी पेरॉक्साइडनंतर, आधी कधीच नाही.

टूरची पद्धत २०१० ची, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातली. नायट्रेट काढून टाकलं, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडचा तांबूस धूर नाही. सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक नवास एक, म्हणजे ३६० आणि ४० मिलि, ३ ग्रॅम ग्रॅफाइट, दुप्पट प्रमाणात म्हणजे १८ ग्रॅम परमँगनेट, ५० अंशांवर १२ तास, मग ४०० मिलि पाण्याच्या बर्फावर ३ मिलि पेरॉक्साइडसह ओतायचं. हाताळायला तिन्हींत ही सोपी. फक्त आम्ल इतकं लागतं की धुण्याचं पाणी बादल्यांनी निघतं.

रासायनिक फरक खरोखर असतो. परमँगनेटच्या वाटेने कार्बोनिल आणि कार्बोक्सिल गट जास्त येतात, क्लोरेटच्या वाटेने हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड जास्त राहतात. तेव्हा ‘ऑक्सिडायझर बदलला म्हणून जिवाणूंवरचा परिणाम बदलला’ हे म्हणणं वेडगळ नाही. ग्राफीन ऑक्साइड जिवाणू कसे मारतं याची तीन कारणं नेहमी सांगितली जातात. पापुद्र्यांच्या कडा पेशीचं पटल फाडतात, पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य ऑक्सिडाइझ होऊन पेशीवर ताण येतो, आणि मोठे पापुद्रे पेशीला गुंडाळून तिचा बाहेरचा व्यवहार तोडतात. तिन्हींना थोडाफार पुरावा आहे. पण धुणं अर्धवट राहिलं तर चौथं, फारच साधं कारण पुढे येतं.

आमची चाचणी अशी होती. ई. कोलाय (एटीसीसी २५९२२ हा प्रमाण वाण) रात्रभर ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढवायचा, सकाळी शंभरास एक या प्रमाणात ताज्या ब्रॉथमध्ये टाकून दोन-अडीच तास, ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला गढूळपणा ०.४ पर्यंत आला की सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दहा मिनिटं खाली बसवायचा, ०.८५ टक्के सलाईनने तीनदा धुवायचा. ग्राफीन ऑक्साइड सलाईनमध्येच, मिलिलिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम. दोन्ही समान घेतले की शेवटी २५०. ३७ अंशांवर दोन तास हलवायचं, दहा-दहापट विरल करत जायचं, ०.१ मिलि पसरायचं, दुसऱ्या दिवशी मोजायचं. गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रावर विसंबायचं नाही, कारण ग्राफीन ऑक्साइड स्वतःच ६०० नॅनोमीटरचा प्रकाश अडवतं आणि आकडे भलतेच येतात. हे सगळं बिनचूक झालं होतं. सलाईनला मात्र आम्लता स्थिर धरणारा बफर नसतो, आणि पीएचची, म्हणजे आम्लता सांगणाऱ्या आकड्याची (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त), नोंद वहीत कुठेच नव्हती.

प्लेटा बाजूला सारून आदल्या दिवशीच्या उरलेल्या नळ्या फ्रिजमधून काढल्या. सूक्ष्म इलेक्ट्रोड बफरने जुळवून घेतला. नुसत्या जिवाणूंची नळी ६.१. हॉफमन ४.४. टूर ३.६. हमर्स २.९.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग तिनेच विचारलं, “सर, गेल्या आठवड्यातलं ते रात्रभराचं कल्चर?” गेल्या आठवड्यात घाईत ताजं कल्चर न करता रात्रभराचंच वापरलं होतं, आणि हमर्सने तेव्हा निम्मेसुद्धा मारले नव्हते. पिपेट चुकली असेल म्हणून ती प्लेट वहीत खोडली होती. ती चूक नव्हती. ई. कोलाय वाढ थांबलेल्या अवस्थेत आम्लाला चिवट असतो. पीएच अडीचलाही काही तास तग धरतो. भरभर वाढणारा मात्र तीनच्या खाली पटापट मरतो. खोडलेली प्लेट हाच पहिला पुरावा होता. तेव्हापासून वहीतलं खोडलेलं वाचता येईल असंच खोडायचं, एकच तिरकी रेघ, हा आमचा नियम आहे.

दुसरा पुरावा त्याहून जुना आणि अधिक लाजिरवाणा. महिन्याभरापूर्वी अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरात, छिद्रं पाडून ५ मिलिग्रॅमचे नमुने भरले होते, आणि हमर्सभोवती जिवाणू नसलेलं स्पष्ट वर्तुळ आलं होतं. ग्राफीन ऑक्साइड अगारमधून पसरत नाही. मायक्रॉन रुंदीचा पापुद्रा त्या जाळीतून जाणार कसा? वर्तुळ आलं म्हणजे पसरणारं दुसरंच काहीतरी आहे. हे तेव्हाच सुचायला हवं होतं. त्याऐवजी वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजून तक्त्यात भरला गेला.

मग त्या दिवशी तेच उलटं करून पाहिलं. नुसत्या पाण्यात दीड टक्का अगार, त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (आम्लात पिवळा होणाऱ्या रंगाचे) काही थेंब, विरल कॉस्टिक सोड्याने रंग हिरवा येईपर्यंत जुळवलेलं. जिवाणू नाहीत, अन्न नाही. प्लेट गोठली की तीन छिद्रं, तिन्हींत तेच ५ मिलिग्रॅमचे नमुने. वीस मिनिटांत हमर्सच्या छिद्राभोवती हिरव्यात पिवळी कडा उमटली आणि तासाभरात महिन्यापूर्वीच्या त्या वर्तुळाइतकी रुंद झाली. टूरभोवती अरुंद पिवळी रेघ. हॉफमनभोवती हिरवंच, छिद्राला अगदी लागून जेमतेम पिवळसर. तपकिरी पदार्थ तिन्ही छिद्रांत जिथल्या तिथे बसून होता.

खर्च म्हणाल तर नगण्य. प्रिन्सेस स्ट्रीटवर ब्रोमोथायमॉल ब्लूची पाच ग्रॅमची बाटली मिळते, ती दहा वर्षं पुरते.

दुपारी वरच्या पाण्याची चाचणी लावली. हमर्सचं सलाईनमधलं द्रावण १०,००० फेऱ्यांवर अर्धा तास फिरवलं. सलाईनमधल्या मिठाने ग्राफीन ऑक्साइडचा गोळा होतो, त्यामुळे ते नुसत्या पाण्यापेक्षा इथे चांगलं खाली बसतं. वरचं नितळ पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं. त्याचे तीन भाग केले. एक तसाच. एक ०.१ मोलर सोड्याने पीएच ७ ला आणलेला. तिसरा रासायनिक तपासणीला. शिवाय एक साधी तुलना म्हणून स्वच्छ सलाईनमध्ये सल्फ्युरिक घालून पीएच तितकाच केलेली नळी. आणि कुणी मँगनीजचं नाव घेईल म्हणून सलाईनमध्ये लिटरला १० मिलिग्रॅम मँगनीज, सल्फेटच्या रूपात.

तिसऱ्या भागात हायड्रोक्लोरिक आणि बेरियम क्लोराइड टाकलं. लगेच पांढरा साका, म्हणजे सल्फेट. मँगनीजसाठी जुनी पेरिआयोडेटची कसोटी: नमुना नायट्रिकबरोबर आटवून क्लोराइड घालवायचं, फॉस्फोरिक आणि चिमूटभर पोटॅशियम पेरिआयोडेट टाकून उकळायचं. क्लोराइड राहिलं तर ते तयार झालेलं परमँगनेट खाऊन टाकतं आणि रंग येतच नाही, म्हणून आटवणं टाळायचं नाही. पाच मिनिटांत फिकट गुलाबी रंग आला. मँगनीज होतं, पण अगदी थोडं.

दुसऱ्या दिवशीच्या प्लेटांवर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. तसंच ठेवलेलं वरचं पाणी: दहापटीला १६ कॉलनी. त्यात ग्राफीन ऑक्साइडचा दिसणारा कणही नव्हता. नुसतं आम्ल घातलेलं सलाईन: जवळपास तेवढ्याच. सोड्याने उदासीन केलेलं वरचं पाणी: हजारपटीला १२७. मँगनीजची नळी: १२२. उदासीन केलेल्या पाण्यात मँगनीज होतं, फिल्टरमधून निसटलेले बारीक ऑक्सिडाइझ्ड तुकडेही असणार, तरी जिवाणूंना काही झालं नाही. पीएच तेवढा बदलला होता.

म्हणजे आमचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणजे न धुतलेलं गंधकाम्ल होतं.

आता धुणं. इथे चूक कुणा एकाची नाही, आणि खरा रस इथेच आहे. पेरॉक्साइडनंतर ५ टक्के हायड्रोक्लोरिकने धुतात, त्याने मँगनीज आणि पोटॅशियमचे क्षार निघतात. नंतर पाण्याने. पहिली तीन-चार धुणी झकास जातात: ४००० फेऱ्या, घट्ट गोळा खाली, पिवळं पाणी वर, ओतून टाका. पुढे आम्ल कमी होईल तसे पापुद्रे एकमेकांना ढकलायला लागतात, पाणी आत शिरतं, गोळा फुगतो. पीएच तीनच्या आसपास आला की नळीत खाली गोळा आणि वर पाणी अशी सीमाच राहत नाही. सगळी नळी मधासारख्या तपकिरी जेलने भरलेली. ओतायला वरचं पाणी नाही, म्हणजे आम्ल बाहेर काढायला वाट नाही. फेऱ्या १०,००० वर न्याव्या लागतात आणि एकेका धुण्याला तास-दीड तास जातो. त्या आठवड्यात नेमकं कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं, हार्बर बंद, सेंट्रल बंद, दोन दिवस कुणी पोचलंच नाही. तिसऱ्या दिवशी जेल झालं आहे, म्हणजे धुऊन झालं, असं मानून ते व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये गेलं. पाणी उडतं, हायड्रोक्लोरिक उडतं, सल्फ्युरिक उडत नाही. ते पुडीत मुरतं आणि हवेतली वाफ ओढत बसतं. चमच्याला चिकटणारी ती पूड म्हणजे हेच.

टूरचा नमुनाही जेल होतो, पण त्या वेळी गाड्या चालू होत्या आणि धुणी जास्त झाली होती. हॉफमनचा फुगलाच नाही. क्लोरेटने बनवलेलं ग्रॅफाइट ऑक्साइड पाण्यात नाखुषीने सुटं होतं. ब्रॉडीच्या पद्धतीचं तर थोडा अल्कली दिल्याशिवाय नीट सुटतच नाही. त्यामुळे प्रत्येक धुण्याला गोळा खाली बसला, पाणी वर राहिलं, ओतलं गेलं, आणि नमुना सहज स्वच्छ झाला. ऑक्सिडायझरमुळे फरक पडला हे खरंच होतं. फक्त तो फरक जिवाणूच्या पटलापाशी पडला नाही, सेंट्रिफ्यूजच्या नळीत पडला.

हे काही आम्हीच पहिल्यांदा पाहिलं असं नाही. २०१६ साली मँचेस्टरच्या गटाने हेच दाखवलं आहे: नीट शुद्ध केलेलं ग्राफीन ऑक्साइड जिवाणू मारत नाही, अपुरं धुतलेलं मारतं. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला ग्राफीन ऑक्साइड असलेल्या ब्रॉथमध्ये ई. कोलाय उलट जास्त वाढलेला दिसला होता. आणि २०१० पासूनच मारक परिणाम सांगणारे लेखही ढिगाने आहेत. लोक याला विरोधाभास म्हणतात. मला वाटतं, निम्मे वाद प्रत्येक लेखातलं धुण्याचं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर मिटतील. ‘पाण्याने अनेकदा धुतले’ यापलीकडे तिथे बहुधा काही नसतं.

पुन्हा धुताना सेंट्रिफ्यूजचा नाद सोडला. १२ ते १४ किलोडाल्टनची डायलिसिसची नळी (आम्ल आणि क्षार बाहेर जाऊ देते, पापुद्रे आत ठेवते), आत जेल, बाहेर दहा लिटरच्या बादलीत डिस्टिल्ड पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं. पीएचपेक्षा विद्युतवाहकता जास्त खरं सांगते. पहिल्या दिवशी बाहेरच्या पाण्याची वाहकता बरीच वर, आठव्या दिवशी ताज्या डिस्टिल्ड पाण्याइतकीच. पिशवी पाऊणच भरायची. आतला पदार्थ पाणी पिऊन फुगतो आणि काठोकाठ भरलेली गाठीपाशी फाटते. आमची एक फाटली, बादलीभर सोनेरी पाणी मोरीत गेलं. सुकवणं ४० अंशांच्या खाली, शक्यतो फ्रीझ ड्रायरमध्ये. ओव्हन शंभरला लावून विसरायचं नाही. ग्राफीन ऑक्साइड तापलं की ऑक्सिजन टाकून देतं, आणि त्यात पोटॅशियमचे क्षार उरले असतील तर ठिणगीसरशी भुर्रकन जळून जातं.

५०० मिलिग्रॅम चिकट पूड आत घातली होती, ४१५ मिलिग्रॅम कोरडी बाहेर आली. तुटीत थोडी ओल आणि थोडा बारीक चुरा धरला तरी बाकीचं आम्लच. म्हणजे मात्रा जुळवताना हमर्सचं जे वजन केलं होतं त्यात ग्राफीन ऑक्साइड उलट कमी होतं.

इतकं करूनही पीएच पूर्ण सुटत नाही. स्वच्छ ग्राफीन ऑक्साइड स्वतःच आम्लधर्मी आहे. डायलिसिस झालेल्या नमुन्याचा २५० मायक्रोग्रॅमला पाण्यात पीएच ४.१ आला, आणि त्याच मात्रेला सलाईनमध्ये ३.७. मिठाने पीएच का उतरावा? मिठातला सोडियम पापुद्र्यावरच्या हायड्रोजनची जागा घेतो आणि तो हायड्रोजन द्रावणात येतो. पाणी सौम्य करणाऱ्या रेझिनसारखंच. तेव्हा बिनबफरच्या सलाईनमधली कोणतीही चाचणी थोडी आम्लाची चाचणी असतेच. बफर घ्यावा तर फॉस्फेटच्या क्षारांनी पदार्थाचा चोथा होतो आणि पापुद्रे सुटे राहत नाहीत. दोन्ही साधत नाही. आम्ही बफर निवडला, चोथा पत्करला आणि तो पत्करल्याचं वहीत लिहिलं.

पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये, तिन्ही नमुने बाथ सोनिकेटरने सारख्याच आकारापर्यंत आणून, पुन्हा दोन तास. नुसते जिवाणू १२४. हमर्स ८१, टूर ८६, हॉफमन १०३. शंभर कॉलनींच्या प्लेटवर दहा-एक कॉलनी इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतात, म्हणून ८१ आणि ८६ मध्ये फरक शोधू नये. परमँगनेटचे दोन नमुने मिळून थोडं घटवतात एवढंच म्हणता येतं. त्यातही पसरण्याआधी नळी दोन मिनिटं हलक्या सोनिकेशनमध्ये धरली तर हमर्सची संख्या ८१ वरून १०९ झाली. नुसत्या जिवाणूंची १२१, म्हणजे सोनिकेशनने त्यांना इजा नव्हती. चोथ्यात अडकलेल्या दहा पेशी प्लेटवर एकच कॉलनी देतात आणि आपण नऊ मेल्या म्हणून मोजतो. सोडवल्या की त्या उठून उभ्या राहतात.

ब्रॉथमध्ये तर तिघांचाही काही परिणाम नाही. प्रथिनं पापुद्र्यांवर थर धरतात आणि कडा झाकल्या जातात. जखमेवरच्या पट्टीत किंवा कॅथेटरच्या लेपात ग्राफीन ऑक्साइड वापरू पाहणाऱ्यांनी हे आधी पाहावं, कारण तिथे प्रथिनांना तोटा नसतो. लेपाचा हिशेब वेगळाही आहे: द्रावणात मोठे पापुद्रे गुंडाळून जास्त परिणाम दाखवतात, पृष्ठभागावर बसवले की बारीक पापुद्रे सरस ठरतात. त्यावरचं काम अजून चालू आहे.

स्तंभालेख बदलला. तिच्या प्रबंधात आता धुण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पहिल्याच आकृतीत हिरव्या अगारवरची तीन छिद्रं. खोडलेली प्लेटही आहे, परिशिष्टात.

एक गोष्ट नंतर कळली. डायलिसिस झालेला हमर्सचा नमुना सोड्याने बरोबर ७.० ला आणून ४ अंशांवर ठेवला होता. परमँगनेटच्या पद्धतीत काही गंधक सल्फेट एस्टरच्या रूपात पापुद्र्यालाच जोडलेलं राहतं. ते धुऊन निघत नाही, पाण्यात सावकाश तुटतं आणि दर तुटण्याला थोडं आम्ल सोडतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर आता तीन तारखा आहेत, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलने लिहिलेला आकडा: ७.०, ६.४, ५.९.